‘सेलर मून’ पाहणाऱ्या लेकीच्या आईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात जो प्रश्न मोठा वाटला तो दुसऱ्या वाचनात मागे पडला आणि तुम्ही एका ओळीत उरकलेला दुसराच प्रश्न पुढे आला. इतर वाचकांसाठी पत्राचा आशय थोडक्यात सांगते. तुमची मुलगी ११ वर्षांची असून सहावीत शिकते. दिवाळीच्या सुटीपासून ती ‘सेलर मून’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका टॅबवर, इंग्रजी सबटायटल्स वाचत पाहते आहे आणि तिचे वीसेक भाग पाहून झाले आहेत. एका संध्याकाळी तुम्ही तिच्या मागे उभ्या असताना नायिका रूप पालटते ते दृश्य आले. कपडे नाहीसे होऊन नुसती झळाळती देहाकृती गिरकी घेते, हे पाहून तुम्ही दचकलात. सासूबाईंचे म्हणणे आहे की असले उघडेवाघडे ताबडतोब बंद करावे. यजमानांचे म्हणणे आहे की कार्टून आहे, एवढे काय मनावर घ्यायचे. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली तुमची भाची सांगते की सेलर मून जुनी झाली, त्यापेक्षा ‘मादोका माजिका’ दाखवा. आणि पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिता की गेल्या आठवड्यात मुलीने आरशासमोर उभे राहून ‘आई, माझे पाय असे जाड का?’ असे विचारले आणि त्यानंतर दोन दिवस ती अर्धी पोळी ताटात ठेवून उठली.

मालिका बंद करू का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे, की बंद करू नका, पण यापुढे ती एकटीने पाहणार नाही एवढे बघा. तुम्हाला जे खटकले ते खरोखरच खटकण्यासारखे आहे आणि मुलीला जे आवडले तेही खरोखरच आवडण्यासारखे आहे. ही दोन्ही एकाच मालिकेत, कित्येकदा एकाच भागात आहेत, म्हणून हा निर्णय रिमोटवर सोडता येत नाही. तुमचे पत्र आल्यावर मी पहिल्या पर्वाचे बरेच भाग पुन्हा लावून पाहिले आणि पुढचे सारे त्या आधारावर लिहिते आहे.

आधी मालिकेविषयी थोडे. नाओको ताकेउची या लेखिका-चित्रकर्तीची ही मूळ चित्रकथा ‘नाकायोशी’ या शाळकरी मुलींच्या मासिकात येत असे. तोएई अ‍ॅनिमेशनने तिच्यावर काढलेली मालिका ७ मार्च १९९२ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९९७ च्या फेब्रुवारीपर्यंत पाच पर्वांत तिचे २०० भाग झाले. पहिल्या पर्वाचे दिग्दर्शक जुनइची सातो होते आणि पात्रांची रेखाटने काझुको तादानो या चित्रकर्तीने केली. म्हणजे मूळ कथा स्त्रीची आणि पडद्यावरच्या रेषाही स्त्रीच्या, हे लक्षात ठेवा. पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेल्या मुली, एवढे म्हणून हा विषय मिटत नाही. मालिकेचे पूर्ण जपानी नाव ‘बिशोजो सेन्शी सेलर मून’ असे आहे. सेन्शी म्हणजे योद्धा आणि बिशोजो म्हणजे सुंदर मुलगी. नायिकेने लढायचे आहे आणि लढताना सुंदरही दिसायचे आहे, ही अट शीर्षकातच घातलेली आहे. माझा या मालिकेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे.

आता त्या रूपांतराच्या दृश्याकडे येऊ. तुम्ही ते ओझरते पाहिले आहे. एकदा नीट पाहा. मालिकेची नायिका उसागी त्सुकिनो ही १४ वर्षांची शाळकरी मुलगी; रूप पालटून ती ‘सेलर मून’ ही योद्धा होते. ती हात वर करून ‘मून प्रिझम पॉवर, मेकअप!’ असे ओरडते. पहिल्यांदा काय बदलते? तिची नखे. एकेका नखावर रंग चढतो. मग ती छातीजवळचा ब्रोच धरून गिरकी घेते, गणवेश विरघळतो, अंगाची नुसती एकरंगी, चमचमणारी आकृती उरते, आणि ब्रोचमधून सुटलेल्या फिती तिच्याभोवती गुंडाळून त्यांचाच पोशाख होतो. हातमोजे येतात, बूट येतात, आखूड स्कर्ट येतो, कपाळावर टियारा येतो. त्या आकृतीत अवयवांचा तपशील काढलेला नाही, हे खरे आहे, आणि म्हणून सासूबाईंना वाटते तितके ते अश्लील नाही. तरीही कॅमेरा शरीरावरून फिरतो तो कौतुकाने फिरतो. युद्धाला निघालेल्या माणसाची तयारी पाहावी तसा फिरत नाही. लढाईला निघण्याचा मंत्र ‘मेकअप’ या शब्दाने संपतो, यातही पुष्कळ काही आले.

हे दृश्य असे का झाले, ते मुलीला समजावून सांगता येईल इतके सोपे आहे आणि तिला त्यात रसही वाटेल. दर आठवड्याला सुमारे वीस-बावीस मिनिटांचे चलच्चित्र हाताने काढून पुरे करणे हे फार खर्चाचे काम असते. म्हणून १९६३ पासून, म्हणजे जपानमध्ये साप्ताहिक अ‍ॅनिमे मालिका सुरू झाल्या तेव्हापासून, एकदा काढलेली दृश्ये साठवून पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत रुळली. तिकडे तिला ‘बँक’ म्हणतात. पैशांची असते तशीच चित्रांची बँक. रूपांतराचे दृश्य एकदा अतिशय मेहनतीने, भरजरी करून काढायचे आणि मग प्रत्येक भागात तेच चालवायचे, यात वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि प्रेक्षक त्या क्षणाची वाट पाहू लागतात. आपल्याकडे कीर्तनात वा तमाशात ठरलेला भाग ठरलेल्या जागी आला की श्रोते सरसावून बसतात, तसेच काहीसे. पाठोपाठ पाच भाग पाहणाऱ्या मुलीला मात्र तेच देहदर्शन एका बैठकीत पाच वेळा होते. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, पाहण्यासाठी बेतलेली गोष्ट टॅबवर एका दमात पाहिली की तिचे प्रमाण बिघडते. तेव्हा दिवसाला एक भाग, एवढा एकच नियम करा. तुमच्या अर्ध्या चिंता त्याने हलक्या होतील.

यातल्या निर्वस्त्र गिरकीचा वारसा वेगळा आहे. छोट्या आरशाच्या डबीपुढे मंत्र म्हणून हवे ते रूप घेणारी मुलगी १९६९ च्या ‘हिमित्सु नो अक्कोचान’मध्ये आली होती आणि त्यात देहाचा काही संबंध नव्हता. ‘हेनशिन’ म्हणजे रूप पालटणे हा शब्द १९७१ च्या ‘कामेन रायडर’ या माणसांनी अभिनय केलेल्या मालिकेने जपानमधल्या पोरासोरांच्या तोंडी बसवला. १९७३ मध्ये गो नागाई यांची ‘क्यूटी हनी’ आली आणि तिथे नायिकेचे कपडे फाटून ती क्षणभर उघडी होते व नव्या वेशात उभी राहते, हा प्रकार सुरू झाला. ती मालिका मुलग्यांचा प्रेक्षकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. पाच रंगांच्या पाच योद्ध्यांचा संघ १९७५ च्या ‘गोरेंजर’ने रूढ केला, त्या पाचांत स्त्री एकच होती आणि तिचा रंग गुलाबी होता. सेलर मूनने हे सारे एकत्र आणले, पाचही योद्धे मुली केल्या आणि प्रेक्षकही मुली मानल्या. हा बदल फार मोठा होता. पण मुलग्यांसाठी काढलेली गिरकी मुलींच्या मालिकेत आणताना ती तपासून पाहायला हवी होती आणि ती तपासली गेली नाही. रेषा मऊ केल्या, रंग गोड केले, गिरकी तशीच ठेवली.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे वळते, कारण मला खरी काळजी तिची वाटते. सेलर मूनमधल्या मुलींचे पाय माणसाचे पाय नाहीत. ते फॅशनच्या रेखाचित्रांतले पाय आहेत, आणि हे मुलीला तोंडाने सांगून पटणार नाही; तिला मोजू द्या. एखाद्या दृश्यात उसागी पायांपासून डोक्यापर्यंत सरळ उभी दिसते तिथे चित्र थांबवा, टॅबवर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने हलक्या हाताने तिची बाह्यरेषा काढायला सांगा. मग पट्टीने डोक्याची उंची मोजायची आणि ती अख्ख्या उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. कमरेपासून टाचेपर्यंतची लांबी वेगळी मोजायची. त्यानंतर शाळेच्या क्रीडादिनाचा तिचा स्वतःचा उभा फोटो घ्या, तुमचा घ्या, आजीचा घ्या आणि तेच करा. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते, लहान मुलांची त्याहून कमी. चित्रातली मुलगी या हिशेबात कुठेच बसत नाही, पाय तर निम्म्याहून बरेच लांब निघतात, मांडी आणि पोटरी यांच्या जाडीत जवळजवळ फरक नसतो. सहावीतल्या मुलीला गुणोत्तर आणि प्रमाण शाळेत शिकवतातच. ‘तुझे पाय छान आहेत’ हे आईचे वाक्य ती प्रेमाचे म्हणून बाजूला ठेवील. पट्टीने आलेला आकडा तिचा स्वतःचा असेल.

त्याच बैठकीत चौथा भाग पुन्हा लावा. त्यात उसागीला आपले वजन वाढल्याची धास्ती बसते आणि ती झटपट बारीक करून देणाऱ्या एका नव्या व्यायामशाळेत जाते. ती व्यायामशाळा शत्रूने उघडलेली असते आणि तिथल्या यंत्रांतून बायकांची जीवनशक्ती शोषून घेतली जाते. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीच्या भागांत शत्रूचे सापळे कोणते आहेत ते पाहिले की चकित व्हायला होते. पहिल्या भागात दागिन्यांचा सेल, चौथ्यात बारीक होण्याचे केंद्र, सातव्यात तारका बनवू म्हणणारी निवडस्पर्धा. मुलींना आणि बायकांना जे जे विकले जाते, त्यातून त्यांचीच शक्ती काढून घेतली जाते, हे या मालिकेला ठाऊक आहे आणि ती ते अकरा वर्षांच्या मुलीला कळेल अशा भाषेत सांगते. मला हा भाग मनापासून आवडतो. दुर्दैवाने त्याच चौथ्या भागात उसागीच्या वजनावरून विनोदही केले आहेत आणि तिची भूक हा तर पुढे कायमचाच हशाचा विषय होतो. मुलीला विचारा, की शत्रूची व्यायामशाळा वाईट होती, तर मग उसागीला हसणाऱ्यांचे काय? ती काय उत्तर देते ते ऐका, लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. आणि ताई, अर्धी पोळी ठेवून उठणे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तिने जेवणाच्या वेळा टाळायला सुरुवात केली किंवा वजन उतरलेले दिसले, तर मालिकेचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशीही बोला. या वयात हे अंगावर काढू नये.

मुलीला या मालिकेत काय सापडले असेल, याचाही विचार करा. मला ते पहिल्याच भागात दिसते. उसागी ही वर्गात उशिरा पोचणारी, परीक्षेत ३० गुण मिळवणारी, रडूबाई मुलगी. तिला एक काळी मांजर भेटते, ब्रोच देते, ती रूप पालटते, टियारा आणि हातमोजे घालून दागिन्यांच्या दुकानात मैत्रिणीला वाचवायला पोचते, आवेशात दोन वाक्ये बोलते, आणि शत्रू समोर आल्यावर गुडघ्याला लागले म्हणून जमिनीवर बसून भोकाड पसरते. आपली नेहमीची सवय असते, की वेश बदलला की माणूस बदलला. दुबळा माणूस वेश घालतो आणि बलदंड होतो. इथे सगळा वेश चढवूनही मुलगी तीच राहते. तिचे ते रडणे केसांच्या अंबाड्यांवरच्या अलंकारांतून इतके कर्कश होऊन बाहेर पडते की शत्रूचे हस्तक कान दाबून कोसळतात. ज्या गोष्टीबद्दल तिला घरी आणि शाळेत बोलणी बसतात, तीच तिथे उपयोगी पडते. जिला वर्गात हात वर करायला भीती वाटते अशा मुलीला हे दृश्य काय देत असेल, ते आपण मोठ्यांनी आठवून पाहावे. पुढे अभ्यासू आमी, तापट रेई, दांडगी आणि स्वयंपाकात निपुण माकोतो व मिनाको या चौघी एकेक करून तिला येऊन मिळतात, आणि त्यांच्यातली भांडणे, रुसवे, माफी मागणे यांवर मालिका लढायांइतकाच वेळ खर्च करते. विशेषतः उसागी आणि रेई यांचे सततचे खटके अगदी खऱ्या मैत्रिणींचे वाटतात. १९९२ पूर्वी मुलींच्या मैत्रीला इतके महत्त्व देणारी शौर्यकथा मुलांच्या दूरचित्रवाणीवर सहज मिळत नव्हती.

अजून दोन-तीन ठिकाणी तुम्ही तिच्या शेजारी असायला हव्यात. पहिले म्हणजे मामोरूचे प्रकरण. मुखवटा घालून, गुलाब फेकत ऐन वेळी मदतीला येणारा हा तरुण मूळ चित्रकथेत शाळेत शिकणारा आहे, पण मालिकेत त्याला विद्यापीठात शिकणारा केले आणि उसागी मात्र १४ वर्षांचीच राहिली. हा बदल करणाऱ्यांनी वाईट केले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पर्वात उसागीची मैत्रीण नारू प्रौढ पुरुषाच्या रूपात वावरणाऱ्या नेफ्राइट नावाच्या शत्रूच्या प्रेमात पडते. तो तिला आधी फसवतो, मग तिच्याविषयी त्याला माया वाटू लागते आणि २४ व्या भागात तिला वाचवताना तो मरतो. तो प्रसंग फार हृद्य केला आहे आणि म्हणूनच तो जोखमीचा आहे, कारण रडून झाल्यावर मुलीच्या मनात एवढेच उरते की तो मुळात चांगला होता. तुमच्या मुलीचे वीसेक भाग झाले आहेत, म्हणजे हा भाग आता आलाच. तिला सरळ सांगा, की १४ वर्षांच्या मुलीवर ‘प्रेम’ करणारा मोठा माणूस कितीही हळवा दाखवला तरी ते योग्य नसते, आणि आपल्याकडचा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो तो याचसाठी. गोष्टीच्या निमित्ताने हे बोलणे सोपे जाते. अचानक काढलेल्या विषयाने मुली बावरतात.

दुसरे म्हणजे ४५ वा आणि ४६ वा भाग. पहिल्या पर्वाच्या शेवटी उत्तर ध्रुवावरच्या बर्फात चारही मैत्रिणी एकेक करून मरतात आणि उसागी एकटी उरते. १९९३ च्या फेब्रुवारीत हे भाग एका आठवड्याच्या अंतराने दाखवले गेले, म्हणजे जपानी मुलींना तो आठवडा तसाच काढावा लागला. पहिल्या इंग्रजी आवृत्तीने मृत्यूची दृश्ये कापून दोन्ही भागांचा एक भाग केला होता. मी तसे करणार नाही. दोन्ही भाग सुटीच्या दिवशी, दिवसाउजेडी, सलग आणि तिच्या शेजारी बसून पाहा. शेवटी चौघी परत येतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत, आणि मला हा शेवट त्या मृत्यूंहून अधिक खोल वाटतो.

पुढे ती तिसऱ्या पर्वापर्यंत गेलीच, तर हारुका आणि मिचिरू या दोन तरुणी भेटतील. त्यांचे एकमेकींवर प्रेम आहे. जुन्या इंग्रजी आवृत्तीत त्यांना चुलत-मावस बहिणी करून टाकले होते आणि त्यामुळे त्यांच्या साध्या बोलण्यालाही वेडावाकडा अर्थ येऊ लागला. नव्या इंग्रजी आवृत्तीत ते पूर्ववत केले आहे. मुलीने विचारले तर आहे ते सांगा, त्यापलीकडे काही करायची गरज नाही.

तिने ऑनलाइन पाहिलेली सेलर मूनच्या हातातली खेळण्यातली चांद्रकांडी हवी म्हणून हट्ट धरला आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. घेऊ नका असे मी म्हणणार नाही, वाढदिवसाला एक घ्या. पण प्रत्येक नव्या पर्वात उसागीचा जुना ब्रोच निकामी होतो, नवा ब्रोच आणि नवी कांडी येते आणि त्यासाठी रूपांतराचे नवे दृश्य काढले जाते, हे कथेच्या गरजेइतकेच खेळण्यांच्या विक्रीसाठीही होत असे. दागिन्यांच्या सेलचा सापळा ओळखणाऱ्या मालिकेने स्वतः ब्रोच विकावेत, ही विसंगती तुमच्या मुलीलाच शोधू द्या. तिला ती सापडेल. या वयाच्या मुलींना अन्याय आणि खोटेपणा फार पटकन दिसतो.

सासूबाईंचे मन कसे वळवावे, हे तुम्ही विचारले आहे. त्यांचा आक्षेप उडवून लावू नका, कारण गिरकीबद्दल त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. पण त्यांना नायिकेच्या नावाचा अर्थ सांगा. ‘त्सुकिनो उसागी’ या नावाचा उच्चार जपानी कानांना ‘चंद्रावरचा ससा’ असा ऐकू येतो. आपण चंद्राला शशी आणि शशांक म्हणतो ते ज्या सशामुळे, तोच हा ससा. भुकेल्या अतिथीला द्यायला जवळ काही नाही म्हणून सशाने स्वतःला आगीत झोकून दिले आणि शक्राने, म्हणजे इंद्राने, त्याची आकृती चंद्रावर कोरली, ही जातककथा बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत गेली आणि तिकडच्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या जुन्या कथासंग्रहात भारताच्या विभागातच ती नोंदलेली आहे. आजीने ही कथा नातीला सांगावी आणि नातीने आजीला एक भाग दाखवावा. शेवटच्या लढाईत उसागी स्वतःला कशी झोकून देते ते पाहिल्यावर सासूबाईंना त्या सशाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

आता भाचीची सूचना. ‘मादोका माजिका’ ही २०११ ची १२ भागांची मालिका आहे. अकियुकी शिंबो यांचे दिग्दर्शन, गेन उरोबुची यांचे लेखन, आणि रेखाटने इतकी गोंडस की ती पाहून कोणीही फसावे. पहिले दोन भाग मैत्री, मांजरीसारखा गोड प्राणी आणि रंगीत पोशाख यांत जातात. तिसऱ्या भागात एका मुलीचा अत्यंत क्रूर मृत्यू होतो आणि तिथून मालिका आपले खरे तोंड दाखवते. मुलींनी मागितलेल्या वराच्या बदल्यात त्यांचा आत्मा शरीराबाहेर काढून एका रत्नात ठेवला जातो, आणि निराशेने ते रत्न काळवंडले की मुलगी स्वतःच राक्षसीण होते. त्या मुलीला वर देणारा तो गोड प्राणी हे सारे थंडपणे, हिशेबाची गोष्ट म्हणून करतो. रूप पालटणाऱ्या मुलींच्या कथांवरची ही फार मोलाची टीका आहे आणि एक कलाकृती म्हणून मी तिला सेलर मूनहून वर ठेवते. पण ती जपानमध्ये रात्री उशिरा, मोठ्या प्रेक्षकांसाठी दाखवली गेली होती. अकरा वर्षांच्या मुलीला, त्यातही आरशासमोर स्वतःला दोष देऊ लागलेल्या मुलीला, आत्मा विकण्याची आणि निराशेने राक्षस होण्याची गोष्ट या घडीला दाखवू नये. भाचीला सांगा, ती मालिका पंधरा-सोळाव्या वर्षासाठी राखून ठेवली आहे, आणि तेव्हा तिनेच येऊन बरोबर बसावे.

त्याऐवजी बदल म्हणून काही हवे असेल, तर २००४ ची ‘फुतारी वा प्रिक्युअर’ पाहा. निर्माते ताकाशी वाशिओ यांनी मुलींनाही दांडगाई करावीशी वाटते, हे सूत्र धरून ती उभी केली आणि ‘ड्रॅगन बॉल झेड’चे दिग्दर्शक दाइसुके निशिओ यांच्याकडे ती सोपवली. त्यातल्या दोघी मुली हाताच्या मुठीने आणि लाथांनी लढतात, पडतात, भिंतीवर आदळतात, पुन्हा उठतात, आणि त्यांच्या रूपांतरात कॅमेऱ्याचे लक्ष देहावर इतके नसते. कथा सेलर मूनइतकी गुंतवणारी नाही, खलनायक बरेच सपाट आहेत आणि खेळणी तिथेही विकली जातातच. तरी मुलीचे शरीर पाहण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, हे त्या मालिकेला पहिल्या लढाईपासून समजलेले आहे, आणि तुमच्या मुलीला आज नेमके तेच दिसायला हवे आहे.

या शनिवारी सुरुवात बटर पेपरपासून करा. रूपांतराचे दृश्य आले की पुढे सरकवू नका. तिने ते वीस वेळा पाहिलेले आहे आणि आई ते लपवते आहे असे वाटले तर ती पुढचे भाग तुमच्यामागे पाहील. ते पूर्ण होऊ द्या आणि मग शांतपणे विचारा, ‘हिच्या नखांना आधी रंग का लावला असेल?’

तुमची,
सदरलेखिका